राघोबाच्या ताटातल्या कण्या

१

चिंताकीच्या राघोबाचा चेहरा शेवटी त्याच्या बायकोलाही ओळखू आला नाही.

पहाटे पाचला त्याचा ओठ उजवीकडून सुजला. सहाला गाल, साडेसहाला डोळा मिटला. गावातल्या डॉक्टरने अ‍ॅलर्जी समजून एकामागून एक दोन इंजेक्शनं दिली, त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. जीप करून बीदरकडे नेताना वाटेत त्याचा आवाज घोगरा झाला, मग बंद झाला, आणि जनवाड्याच्या अलीकडे श्वासही थांबला. छप्पन्न वर्षांचा माणूस, आदल्या आठवड्यापर्यंत मेंढरांमागे चार कोस चालणारा.

दवाखान्यात सांगितलं की गळ्याच्या आत सूज येऊन श्वासाची वाट बंद झाली. ती सूज कशाने आली? विषाची तपासणी होईल, अहवालाला महिने लागतील. पण गावाला महिने थांबायची सवय कुठली! माती देऊन लोक परत आले आणि पाय धुता धुताच निकाल लागला, की हे काम सून अंबिकाचं.

निकालाला तीन कारणं होती आणि तिन्ही खरी होती, हीच पंचाईत. त्या संध्याकाळी घरात सगळ्यांनी भाकरी खाल्ली, एकट्या राघोबाच्या ताटात ज्वारीच्या कण्या होत्या, आणि त्या अंबिकाने शिजवल्या होत्या. दुसरं, चार दिवस आधी तिने भर अंगणात सासऱ्याला सुनावलं होतं, की माझ्या लेकराला पुन्हा हात लावलात तर माझ्याइतकी वाईट कोणी नाही. तिसरं म्हणजे कण्यांचं पातेलं सकाळी घासूनपुसून पालथं घातलेलं सापडलं.

चौथ्या दिवशी अंबिकाला जनवाड्याला माहेरी धाडलं. तिची सात वर्षांची मुलगी शिवलीला मात्र चिंताकीतच ठेवून घेतली. अमावस्येला बिराप्पाच्या देवळात भावकी बसणार होती, आणि पोरगी आईला द्यायची की कायमची तोडायची हे तिथे ठरणार होतं. अमावस्येला नऊ दिवस होते.

२

जनवाड्याचा बसलिंगप्पा निवृत्त झाला होता, पण त्याच्या पायांना हे कोणी कळवलं नव्हतं. एकतीस वर्षं त्याने जनावरांच्या रक्ताच्या प्रयोगशाळेत नळ्या हलवल्या. आता नळ्या नाहीत, म्हणून तो स्वतःच हलत असे. कट्ट्यापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून कट्ट्यापर्यंत. चहासुद्धा उभ्याने प्यायचा.

अंबिका त्याच्या मागच्या गल्लीत लहानाची मोठी झालेली. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, आणि ते बसलिंगप्पाला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"अप्पा, मी काय केले न्हाई."

"ते मी इचारलोच न्हाई. कण्या कामून केलीस ते सांग."

"मामाच म्हनले. भाकर नको, मऊ काय तर कर." सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"रोज खायचे का?"

"कवाच न्हाई. दातानं ऊस सोलनारा मानूस. जत्रेत भंडाऱ्यानं भरलेली पितळी कळशी दातात धरून पाच पावलं चालायचा मान हाय आमच्या घराचा. बत्तीस दात शाबूत म्हून गावभर सांगत फिरायचे."

"मग त्या कण्या उरल्या का?"

"उरल्या की. मी खाल्ले. शिवलीलाबी दोन घास खाल्ली. मग पातेलं घासून ठेवले."

बसलिंगप्पा थांबला. "हे तू तिथं कुनाला सांगितलीस का?"

"कोन इचारलं?" अंबिका म्हणाली.

पुढचे प्रश्न त्याने चालता चालता विचारले. अंगावर गांधी उठल्या होत्या का? नाही. खाज? नाही, जीपमध्ये त्याचे तळपाय तीच चोळत होती, अंग साफ होतं. नुसती टणक सूज, बोटाने दाबली तरी खड्डा पडत नव्हता. सुरुवात उजवीकडून झाली ना? होय, ओठाच्या उजव्या कोपऱ्यापासून. अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनाने थोडा तरी उतार पडला? जराही नाही.

"आन भांडण कशाचं झालं?"

आता तिचा आवाज फाटला. "शिवलीलाचं पोट दुखतंय अप्पा. महिना झाला की दुखतं, वांत्या होतात, दोन दिसांनी आपोआप ऱ्हातं. मी मळ्यात गेलते. मामानं तिचे हात धरले आन त्येंच्या भैनीनं, ईरम्माआत्यानं, खुरप्याचं टोक लाल करून तिच्या पोटावर डाग दिले. दोन. मी वरडले. व्हय, वरडले. कोनची आई वरडनार न्हाई?"

जनावरांना डाग देताना बसलिंगप्पाने शेकडो वेळा पाहिलं होतं आणि दर वेळी नजर फिरवली होती. पण या वेळी त्याला दुसरंच काही खटकलं.

"त्या घरात अजून कुनाच्या पोटावर हायत का डाग?"

"मला काय म्हाईत? सासरच्या मानसांची पोटं मी कशाला बघू?"

"एकाचं तर बघितली असशील."

अंबिकाने मान खाली घातली. "यांच्या हायत," ती हळूच म्हणाली. "तीन."

बसलिंगप्पाने चपला पायात सरकवल्या. चिंताकीची बस सुटायला वीस मिनिटं होती, आणि तो जाऊन स्टँडवर अठरा मिनिटं येरझाऱ्या घालत राहिला.

३

राघोबाच्या मेंढरांचं रक्त तपासायला बसलिंगप्पा पूर्वी तीन-चारदा येऊन गेलेला, त्यामुळे त्याला कोणी दारात अडवलं नाही. राघोबाची बायको अनसाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशेजारी राघोबाची थोरली बहीण ईरम्मा. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती, आणि घराची सगळी सूत्रं तिच्या हातात होती.

"सुनेची वकिली करायला आलाव का अण्णा?" ईरम्माने सुरुवातच अशी केली.

"न्हाई अक्का. पोटदुखीचं इचारायला आलो. तुमी डाग देता म्हनं, आन गुण येतो."

ईरम्मा फुलली. आपल्या हाताच्या गुणाबद्दल कोणी विचारलं की माणूस वैर विसरतो. "आमच्या घरान्याचं पोट डागाबिगर ऱ्हातच न्हाई. माझ्या बापाला व्हते, चुलत्याला व्हते. राघोबाला पाच. मला चार. राघोबाच्या पोराला, सुनीलला, मीच दिले."

"राघोबाच्या धाकट्या भावाला?"

"त्येला कवाच दुखलं न्हाई. त्येच्या लेकरांनाबी न्हाई."

"वैनींना?"

"मी बाहीरची हाय," अनसाबाई पहिल्यांदाच बोलली. "मला काय व्हतंय?"

बसलिंगप्पाने घराच्या माणसांची मनातल्या मनात दोन बाजूंना विभागणी केली. एकाच घरात एकच अन्न खाणारी माणसं. काहींचं पोट दर महिन्या-दोन महिन्याला पिळवटतं, काहींचं जन्मात कधी नाही. ज्यांचं दुखत नाही त्यांच्या लेकरांचंही दुखत नाही. आणि कोणाचं दुखतं याची नोंद कातडीवरच करून ठेवलेली, लोखंडाने.

"तुमचे वडील कशानं गेले, अक्का?"

ईरम्माचा हात गुडघ्यावर थांबला. "बैलानं गालाला शिंग मारलं. जखम एवढीशी. दुसऱ्या दिशी तोंड सुजलं, गळा धरला, गेला. करनी केलती कुनीतरी."

"तवा अंबिका जन्मलीबी नव्हती," बसलिंगप्पा म्हणाला.

तो उठला, अंगणात आला. बाजेवर राघोबाची काळी घोंगडी पसरलेली आणि तिच्यावर शिवलीला पालथी पडून जिभेने पुढचा दात हलवत होती.

"हलायलाय का ग?"

"लई," ती म्हणाली. "आजी म्हनते दोरा बांधून ओढते."

"कवा?"

"जत्रेच्या आधी."

बसलिंगप्पा वाकून त्या दाताकडे पाहू लागला. त्यात काय खटकलं ते त्यालाही अजून नीट कळलं नव्हतं. "आजोबा बाजारातून कसे आले त्या दिशी?" त्याने विचारलं.

"हणमंतप्पाच्या गाडीवर. मला चिवडाबी आणला न्हाई. बोललेच न्हाईत." मग तिने घोंगडीत नाक खुपसलं. "आजोबाचा वास येतो हिला. लवंगीचा."

राघोबा तंबाखू खायचा. लवंग खाताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. बसलिंगप्पाने घोंगडीचा काठ हातात घेतला आणि चारही टोकं चाचपली. तिसऱ्या टोकाला बारीक गाठ होती, सुतळीने आवळलेली. त्याने ती दातांनी सोडवली. आत लवंगेच्या तेलाने पिवळा पडलेला कापूस होता आणि कापसात एक दाढ, मुळासकट.

४

हणमंतप्पाचं कापडाचं दुकान ठाणाकुशनूरच्या बाजारात. तो आणि राघोबा लहानपणापासूनचे मित्र. एक मेंढरांमागे गेला, दुसरा गल्ल्यावर बसला, पण आठवडी बाजाराला दोघांचा चहा चुकायचा नाही. गावातल्या काही लोकांचा त्याच्यावरही संशय होता, कारण त्या दिवशी राघोबा बाजारात गेला होता आणि हणमंतप्पा म्हणत होता की भेट झालीच नाही.

"न्हाई म्हंजे न्हाई," त्याने बसलिंगप्पालाही तेच सांगितलं.

"तुमच्या गाडीवर आला म्हनते पोरगी."

"लेकराचं काय घेऊन बसलाव?"

बोलताना त्याचा हात सदऱ्याच्या आत, लिंगायतांच्या गळ्यात असतं त्या छातीवरच्या लिंगाकडे गेला आणि तिथेच राहिला. बसलिंगप्पाच्याही गळ्यात लिंग होतं. तो हात काय सांगतो हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. खोटं बोलणारा माणूस इतका कासावीस होत नाही. शपथेने बांधलेला होतो.

"तुमी बोलू नका," बसलिंगप्पा म्हणाला. "मी बोलतो. माझं चुकलं तर तुमी गज उचलून कापड मोजायला लागा, मी गुमान निघून जाईन."

त्याने खिशातून कापूस काढला आणि पांढऱ्या धोतराच्या ठाणावर ती दाढ ठेवली.

"राघोबाची दाढ आठ दिस ठनकत व्हती. कुनाला सांगता येईना. तीन आठवड्यांवर जत्रा, कळशी दातात धरायची. दात गेला म्हनलं की मान चुलत भावाकडं जायचा. म्हून तो बाजारात आला आन लिंबाखाली बसनाऱ्या दातवाल्याकडून दाढ काढून घेतला. जन्मातला पहिला दात. तुमी सोबत व्हता. तुमाला शपथ घातला, लिंगावर हात ठेवून."

गज तसाच पडून राहिला.

"भाकर चावंना म्हून रात्री कण्या मागितला. आन दाढ फेकून दिला न्हाई, कारण अंगातलं जे गेलं ते मातीत संगं जायला पाहिजे."

हणमंतप्पाने ती दाढ पुन्हा कापसात गुंडाळली. "मी म्हनलो त्येला," तो म्हणाला, "मागची दाढ हाय, कळशी तर म्होरच्या दातानं धरायची. तर म्हनला, निसटली तर गाव काय म्हनंल?"

"आन अंबिकाला घरातून काढलं तवा तुमी कुठं व्हता?"

"इथंच. झोप न्हाई मला तवापासून." त्याने डोळे पुसले. "पन दात काढून मानूस मरतो का, अण्णा? अख्ख्या बाजाराचे दात काढतो त्यो."

बसलिंगप्पा दुकानाच्या पायऱ्या उतरला. प्रश्न बरोबर होता. दातवाल्याने हजार दात काढले. मग मरण याच एका दाढेखाली का होतं?

५

उत्तर त्याच्या जुन्या कामातच होतं. जनावरांच्या रक्तातला रोग शोधायला प्रयोगशाळेत एक गोष्ट लागायची, गिनिपिगच्या ताज्या रक्तातून काढलेली. तिला म्हणायचे कॉम्प्लिमेंट. ही रक्तातल्या प्रथिनांची एक टोळी. जंतू दिसला की एकामागून एक जागी होऊन त्याच्यावर तुटून पडणारी. प्रत्येकाच्या अंगात ती असते. वीस वर्षांपूर्वी हैदराबादहून एक तरुण डॉक्टरीणबाई त्याच्याकडे हे कॉम्प्लिमेंट मागायला आली होती, आणि चहा पिताना तिने सांगितलं होतं की काही घराण्यांत या टोळीला आवरणारं प्रथिनच जन्मतः कमी असतं. मग लहानशी जखम, दात काढणं, कधी कधी नुसता मनाचा ताण, एवढ्याने शिरांमधून पाणी झिरपतं आणि सूज येते. ओठाला येते, हातापायाला येते. आतड्याला आली की पोट पिळवटतं. गळ्याला आली की माणूस जातो. गांधी नाहीत, खाज नाही, आणि अ‍ॅलर्जीचं औषध चालत नाही.

त्याने तिचा नंबर शोधून काढला. आता ती मोठ्या दवाखान्यात मोठी डॉक्टर होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, रक्त पाठवा.

रक्त द्यायला ईरम्मा तयार होईना. पण बसलिंगप्पाने चिंताकीला नेऊन दिलेली ती दाढ अनसाबाईने तळहातावर घेतली, मुठीत आवळली आणि एवढंच म्हणाली, "मला सांगितले न्हाईत. तीस वर्सं संगं जेवले, आन दात काढले ते सांगितले न्हाईत." मग नणंदेकडे न पाहताच तिने सुनीलकुमारला गाडी काढायला सांगितलं.

सुनीलकुमार म्हणजे अंबिकाचा नवरा, औरादला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. बाप गेल्यापासून तो कोणाच्याच बाजूने बोलला नव्हता, आणि ते अंबिकाला सगळ्यात जास्त लागलं होतं. त्याने ईरम्माला आणि शिवलीलाला जनवाड्याला आणलं. एका नर्सबाईने तिघांचं रक्त काढलं. मग बसलिंगप्पाने अंबिकालाही बसवलं.

"हिचं कामून?" सुनीलकुमारने विचारलं. "ही तर बाहीरची."

"सवय," बसलिंगप्पा म्हणाला. "एक नळी चांगल्या रक्ताची ठेवायचीच. एकतीस वर्सांत कवा चुकवलो न्हाई."

मायलेकी पाच मिनिटं एकमेकींना बिलगून बसल्या. मग ईरम्माने पोरीला ओढून गाडीत घातलं. बसलिंगप्पाने चारही नळ्या आपल्या जुन्या थर्मासात बर्फात ठेवल्या आणि हैदराबादच्या बसमध्ये ओळखीच्या कंडक्टरच्या हाती दिल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आवरणारं प्रथिन ईरम्माचं कमी, सुनीलकुमारचं कमी, शिवलीलाचं कमी. बसलिंगप्पाचा जीव भांड्यात पडतोय तोवर बाई पुढे म्हणाली, "अंबिकाचंही कमी. चौघांचंही जवळजवळ नाहीच."

बातमी चिंताकीला पोचायला तास लागला नाही. ईरम्माचा आवाज फोनमधून गल्लीभर ऐकू आला. "म्हंजे सूनच तसली निघाली. तिनंच आनली बिमारी घरात. आता तर पोरगी तिच्याकडं जानारच न्हाई."

अमावस्येला तीन दिवस राहिले होते.

६

त्या संध्याकाळी बसलिंगप्पा किती चालला ते मोजलं असतं तर बीदर आलं असतं. अंबिका त्याच्या कट्ट्यावर बसून होती. "अप्पा, मला कवाच पोट दुखलं न्हाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "माझ्या घरात कुनाचा गळा धरला न्हाई. मग माझं रक्त असं कसं?"

तो चिडला. तिच्यावर नव्हे, स्वतःवर. आपण या पोरीला मदत करायला गेलो आणि तिच्या गळ्यात नवा दोर अडकवून आलो, या विचाराने त्याला ओरडावंसं वाटलं.

मग तो चालता चालता थबकला.

चांगल्या रक्ताची नळी कशासाठी ठेवायची? तपासणी खोटं बोलली तर कळावं म्हणून. एकतीस वर्षं त्याने हाताखालच्या पोरांना हेच शिकवलं होतं, आणि आज ती नळी ओरडून सांगत होती तर तो स्वतःच तिचं ऐकत नव्हता. कॉम्प्लिमेंट आणि त्याच्या टोळीतलं सगळंच नाजूक. उष्णता लागली की मरतं. गिनिपिगचं सीरम दहा मिनिटं बाहेर राहिलं तर तो पोरांना झापायचा.

त्याने कंडक्टरला फोन लावला. "माझा थर्मास कुठं ठेवलता?"

"सांभाळूनच की अण्णा. डायवरच्या बाजूला, बॉनेटवर. हालू नये म्हून बांधून ठेवलतो."

एप्रिलचं ऊन, खालून तापलेलं इंजिन, आणि वीस वर्षांचा थर्मास, ज्याच्या बुचाची रबरी चकती कधीच गळून पडली होती. बसलिंगप्पाने कपाळावर हात मारून घेतला. चूक त्याचीच होती, आणि ती पकडून दिली होती अंबिकाच्या रक्ताने.

सकाळी सुनीलकुमार ईरम्मा आणि शिवलीलाला पुन्हा घेऊन आला. ईरम्माला त्याने कसं राजी केलं ते त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "मी म्हनलो, ह्या बारीला न्हाई आलीस तर मीच जातो घर सोडून." अंबिकाने त्याच्याकडे पाहिलं. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदाच.

या वेळी बसलिंगप्पा स्वतः निघाला. लस न्यायचा पक्का डबा मागून आणला, तो मांडीवर घेऊन बसला, जहिराबादला उतरून बर्फ बदलला, आणि शेजारच्या माणसाने डब्यावर कोपर टेकवलं तेव्हा त्याच्याशी भांडलासुद्धा.

७

अमावस्येला बिराप्पाच्या देवळासमोर भावकी जमली. बसलिंगप्पाच्या हातात कागद होता. अंबिका पायऱ्यांखाली उभी, सुनीलकुमार तिच्याजवळ.

"तुमची मेंढरं राखायला कुत्री असतात," बसलिंगप्पाने सुरुवात केली. "लांडगा आला की तुटून पडतात. पन त्येंच्या गळ्यात साखळी लागते, न्हाईतर मालकालाच चावतात. रक्तातबी अशी राखण असती. सगळ्यांच्या अंगात. तुमच्या घरान्यात तिची साखळी कच्ची हाय. बापाकडनं येती, आईकडनं येती, एखाद्या लेकराला येती, एखाद्याला न्हाई. आतड्याला सूज आली की पोट दुखतं, दोन दिसांनी आपोआप उतरतं. डागानं न्हाई. डाग दिला नसता तरी उतरलं असतं."

ईरम्मा काही बोलायला गेली, पण तो थांबला नाही.

"ईरम्माअक्काच्या बापाला बैलाचं शिंग लागलं, गळा धरला. राघोबानं दाढ काढली, गळा धरला. हणमंतप्पा साक्षीला हायत. दाढ उजवीकडची, सूज उजवीकडनं. कण्या त्यानं मागितला दाढेपायी. उरलेल्या अंबिका खाल्ली, पोरगी खाल्ली, दोघी धडधाकट. अ‍ॅलर्जी म्हनावं तर गांधी न्हाईत, इंजेक्शन लागू झालं न्हाई. आन हा कागद. ईरम्माअक्का कमी, सुनील कमी, शिवलीला कमी. अंबिका शाबूत. आधीचा निकाल खोटा व्हता, माझ्या चुकीनं. रक्त तापलं. डॉक्टरीणबाई पोलिसांनाबी लिहून देनार हायत."

हणमंतप्पा पुढे आला, लिंगावर हात ठेवून म्हणाला, "खरं हाय. मी गप बसलो, माझं चुकलं."

"म्हंजे राघोबाला कुनीच मारलं न्हाई?" भावकीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

बसलिंगप्पाने कागदाची घडी घातली. त्याला राग आला होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटली नाही. "पोटदुखी लपवली न्हाई, तिला डाग दिले. दातदुखी लपवली. तेवढं दवाखान्यात सांगितलं असतं तर दात काढायच्या आधी द्यायचं औषध हाय. अजून तिघं बाकी हायत. आन एकीचा दात हलायलाय."

ईरम्माने पदर पोटावर घट्ट ओढून घेतला, जणू तिथले चार डाग सगळ्यांना दिसत होते. अनसाबाई उठून घराकडे गेली, आणि भावकी काही न ठरवताच पांगली. सुनीलकुमार आईच्या मागे गेला. अंबिका रिकाम्या हाताने जनवाड्याला परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बसलिंगप्पा कट्ट्यावरून विहिरीकडे आणि विहिरीवरून कट्ट्याकडे फिरत होता. आपण जरा जास्त बोललो का? अनसाबाईचं मन दुखावलं का? अंबिका आईच्या दारात ज्वारी पाखडत बसली होती, आणि सुपातली ज्वारी कधीच स्वच्छ झाली होती.

दहाच्या बसने अनसाबाई उतरली. एका काखेत राघोबाची घोंगडी, दुसऱ्या हाताला शिवलीला. मागून सुनीलकुमार पोरीच्या कपड्यांची पिशवी घेऊन. ती गल्लीतून सरळ चालत अंबिकासमोर येऊन उभी राहिली. तिने पोरीचा हात सुनेच्या हातात दिला.

"दाढ काल त्येंच्याजवळ मातीत पुरून आले," ती म्हणाली. मग शिवलीलाच्या हनुवटीला बोट लावून तिने तोंड उघडायला लावलं. पुढचा दात एका बाजूने लोंबत होता.

"ह्येला मी हात लावले न्हाई. तुझ्या डॉक्टरीनबाईला इचार, कसं करायचं ते. तू म्हनशील तसं."

अंबिकाने पोरीला छातीशी धरलं आणि मग, इतक्या दिवसांनी, ती रडली. अनसाबाईने घोंगडी अंगणात अंथरली आणि सुनेला तिच्यावर बसवलं. बसलिंगप्पा हे कट्ट्यावरून पाहत होता. किती वेळाने कोण जाणे, त्याच्या लक्षात आलं की तो बसलेला आहे.